चौथ्या खेपेतली म्हातारी

प्रिय भिंगरी,

पाकिटावरचं अक्षर बघून तुला वाटेल, दुसरीतल्या कुणा पोराचं पत्र चुकून आलं. पोराचं नाही, माझंच आहे. टेबल डगमगतं म्हणून अक्षर वाकडं आलंय, आणि टेबल नीट असतं तरी वाकडंच आलं असतं, म्हणून मी टेबलाला फार बोलत नाही. चार ओळींपेक्षा मोठं असं आजवर मी हाताने स्वतःचं काही लिहिलेलंच नाही. दूधवाल्याला चिठ्ठी, घरमालकाला चिठ्ठी, तुझ्या आईला 'किल्ली शेजारी ठेवलीय', संपलं. आज सकाळी बसले आणि बघता बघता अख्खं पान भरलं, तर मला इतकं हरखायला झालं की उठून चहा टाकला आणि ते पान हात लांब करून कितीतरी वेळ बघत बसले. मग आठवलं की बातमी काही हरखण्यासारखी नाही. मग ते पान फाडलं. हे दुसरं. तू सहा आठवडे माझा फोन उचलत नाहीस. माझं फोनवर रागावून झालं, तुझ्यावर रागावून झालं, आता कागदाची पाळी. परवा तुझी आई तिकडे येतेय, तिच्या हाती देतेय. पाकीट मी स्वतः चिकटवलंय. एकतीस वर्षं बाइंडिंगमध्ये काढलेल्या बाईने चिकटवलेलं पाकीट फाडल्याशिवाय उघडत नाही, तेव्हा तिने वाटेत डोकावलं तर तुला लगेच कळेल.

तिने मला गेल्या आठवड्यात सगळं सांगितलं. सांगायचं नव्हतं तिला, पण ती भांडी घासताना बोलते आणि नळ बंद करायला विसरते, म्हणून ओरडून बोलते, आणि ओरडून बोललं की माणूस जास्त बोलतं. तर येत्या शनिवारी म्हणे तुमच्या ऑफिसने मोठा हॉल घेतलाय. तुमच्या 'नावाडी' गेमला तेवीस वर्षं झाली म्हणून चाहत्यांचा मेळावा. आणि तिथे त्या 'जुना नावाडी' नावाच्या माणसाला स्टेजवर बसवणार, ज्याने नेटवर त्याच्या नवव्या भागाविरुद्ध ते लांबलचक लिहिलं आणि ज्याच्यामागे सगळं जग धावलं. आणि तू, जिने नवव्या भागातली सगळी बोलणी लिहिली, त्याच्यासमोर उभी राहून माफी मागायची, फुलांचा गुच्छ द्यायचा, आणि सांगायचं की तुमचं ऐकलं, आता आम्ही सगळं पहिल्यासारखं करतोय. तुझी आई म्हणाली, पोरीने राजीनामा टाईप करून ठेवलाय, त्या माणसाच्या तोंडासमोर उभी राहणार नाही म्हणते, त्यापेक्षा काम सोडते म्हणते. एवढं बोलून तिने नळ बंद केला. मग घर इतकं शांत झालं की मला माझ्याच दातांचा आवाज आला. नवीन कवळी आहे, अजून बसायचीय.

कवळीचं पुढे सांगते, तिचाही यात हात आहे. आधी तुला तू सहा वर्षांची असतानाचं आठवतं का बघ. शाळा सुटली की तू माझ्याकडे यायचीस, तुझी आई दवाखान्यातली दुसरी पाळी करून येईपर्यंत. वरच्या मजल्यावरचा ट्रकवाला घर सोडून गेला तेव्हा जाताना टीव्हीला जोडायची एक काळी पेटी, दोन वायरी आणि एकच गेम ठेवून गेला. 'नावाडी', पहिला भाग. नदी, दोन काठ, एक लाकडी होडी. डावं बटण म्हणजे डावं वल्हं, उजवं बटण म्हणजे उजवं. प्रवासी बसायचा, होडी निघायची, आणि तो बोलायचा. म्हणजे आवाज नाहीच, खाली चौकटीत अक्षरं यायची. तू मला वाचून दाखवायचीस. पाण्याला भिणारा तो डॉक्टर, पिंजरे घेऊन फिरणारी ती विधवा, आणि तो चोर, जो प्रत्येक खेपेला सांगायचा की ही शेवटची. आठ दिवसांत तुला कंटाळा आला. म्हणालीस, तूच वाच ना गं, मला चित्र काढायचंय. तुला काय माहीत, आजीला वाचता येत नाही ते! मी दुसरीतून उठलेली बाई. आयुष्यभर दुसऱ्यांची पुस्तकं शिवली, फर्मे म्हणजे छापलेले मोठे ताव घडी केले, क्रमाने लावले, सुई ओवली, पाठीला खळ लावली, पुठ्ठा बसवला, हजारो पुस्तकं हातातून गेली आणि आत काय आहे ते एकाचंही माहीत नाही. पानांचे आकडे तेवढे कळायचे.

पण त्या चौकटीच्या कोपऱ्यात एक छोटा त्रिकोण होता, तो लुकलुकायचा. बटण दाबेपर्यंत अक्षरं जागची हलायची नाहीत. अर्धा तास लागू दे, होडी नदीच्या मधोमध उभी, डॉक्टर तोंड उघडं टाकून उभा, आणि तो त्रिकोण बिचारा लुकलुकतोय, होऊ दे बाई तुझं सावकाश. तू चित्र काढायचीस, अडलं की तुला विचारायचे, तू मान वर न करता सांगायचीस, 'अगं तो 'ज्ञ' आहे, सोड त्याला.' सोडला. अजून सोडलेलाच आहे. पहिला भाग संपायला मला चौदा महिने लागले आणि संपला तेव्हा मला वाचता येत होतं. छडी मारणारा मास्तर मला दोन वर्षांत जे शिकवू शकला नाही ते त्या त्रिकोणाने शिकवलं. बाइंडिंगमधल्या बायकांना मी सांगितलं, तर फोरमनबाई म्हणाली, एवढ्या पुस्तकांत राहून शेवटी टीव्हीवर शिकलीस, काखेत कळसा म्हणतात तो असा. हसली ती. मीपण हसले. खरंच होतं ना.

मग काय, एकामागून एक भाग आले आणि मी एकही सोडला नाही. तू मोठी झालीस, तुला इतर गेम आवडायला लागले, मैत्रिणींसमोर तू म्हणायचीस, आमची आजी वल्हवतेय, हळू बोला. चौथ्या भागात त्यांनी होडीला शीड लावलं तेव्हा लोक किती ओरडले! मला शीड आवडलं. सहाव्यात नावाड्याची टोपी बदलली तर आपला दातवाला आठवडाभर जेवला नाही. दातवाला म्हणजे माझा दातांचा डॉक्टर गं, कोपऱ्यावरचा, पन्नाशीचा बुवा, पेशंट नसला की खुर्चीत स्वतःच आडवा होऊन गेम खेळतो. माझी त्याची ओळख दाढेवरून झाली आणि मैत्री नावाड्यावरून. तो म्हणतो, आजी, मूळ खेळाचा आत्मा गेला. मी म्हणते, डॉक्टर, आत्म्याचं जाऊ द्या, माझी दाढ गेली ती बघा. त्याचं एक मला कधी पटलं नाही, तो प्रत्येक नव्या भागाला शिव्या घालतो आणि पाच वर्षांनी तोच भाग त्याला सगळ्यात उत्तम वाटायला लागतो. सासूचं कौतुक करायला ती मरावी लागते तसं त्याचं आहे. आणि जेव्हा तू त्याच गेमच्या ऑफिसात लागलीस! तुझ्या आईला रडू आलं आणि मला हसू आवरेना. आठव्या भागाच्या शेवटी नावं आली तेव्हा दातवाल्याने चित्र थांबवलं, पण तुझं नाव त्याला सापडलं नाही, कारण तुझं शाळेतलं नाव आणि तुझ्या बापाचं आडनाव त्याला ठाऊकच नाही, त्याच्यासाठी तू भिंगरी. मीच घरी शोधलं. पाणी, आणि त्यापुढे तू. मी सगळ्यांना सांगायचे, आमची नात पाणी करते. लोक म्हणायचे, म्हणजे नळखात्यात का?

तर मग नववा. तू कुरिअरने नवी पेटी पाठवलीस, वर चिकटवलेला कागद, 'आजी, आधी तू खेळ, मग मला सांग.' तो कागद अजून फ्रिजवर आहे. आता मी तुला खरं सांगते, कारण खोटं सांगायचं वय गेलं. मला तो आवडला नाही. इतका आवडला नाही की कडू लागला. होडीला मोटार. वल्ही नुसती शोभेला, भिंतीवर टांगलेल्या ढालीसारखी. नदीत बाण, इकडून जा, तिकडून जा, अगं तेवीस वर्षं मी त्या नदीत आहे, मला कोण रस्ता दाखवणार? प्रवासी उतरताना तारे देतो. मला तीन दिले एका मेंढपाळाने! पाच भाग मी त्याच्या बापाला फुकट सोडलाय पलीकडे. पण हे सगळं मी गिळलं असतं. त्रिकोण गेला, ते नाही गिळता आलं. अक्षरं आपोआप येतात, सरकतात, जातात. मी 'अगं बाई, ऐक ना' एवढं वाचते तोवर ती बाई पुढच्या गोष्टीवर गेलेली असते. सत्तरीनंतर मला पुन्हा अडाणी केलं कुणीतरी, असं वाटलं. पडद्यासमोर बसून मला तीच लाज वाटली जी पगाराच्या खिडकीपाशी वाटायची. पाणी तेवढं सुंदर होतं. मी मनात म्हटलं, पोरीने पाणी झकास केलंय, बाकीच्यांनी घाण केली.

त्याच आठवड्यात तुझा फोन आला, आठवतोय ना. तू आडून आडून विचारत होतीस. कुठपर्यंत आलीस, चौथी खेप झाली का, चौथ्या खेपेतली ती म्हातारी कशी वाटली. आणि मी काय म्हणाले? मी म्हणाले, 'ती बडबडी होय! ती होडीत बसली की मी चहा टाकायला उठते, मोटार काय आपोआप चालतेच.' तू थोडंसं हसलीस. मग म्हणालीस, बॉस बोलावतोय. मला वाटलं, बॉस बोलावत असेल. त्यानंतर तू फोन उचललेला नाहीस. उचलली जीभ लावली टाळ्याला म्हणतात ते माझ्यासारखीसाठीच, पण निदान कवळी तरी घट्ट असायची होती.

आणि मग त्या जुन्या नावाड्याचं ते लिखाण आलं. तू वाचलंच असशील, पाठ झालं असेल. त्यात पुष्कळसं खरं होतं, हे मी तुझ्या तोंडावर सांगते, रागव हवं तर. ज्यांना सावकाश वाचावं लागतं त्यांना तुम्ही होडीतून ढकलून दिलंत, हे खरं. मोटारीच्या होडीला नावाडी लागतच नाही, मग माझं तिथे काय काम, हेही खरं. पण त्यात ते एक वाक्य होतं, चौथ्या खेपेतल्या म्हातारीवर. 'हे ज्याने लिहिलं तो आयुष्यात कुठल्या म्हाताऱ्या बाईजवळ घटकाभरसुद्धा बसलेला नाही.' लोकांनी बाकी सगळं सोडलं आणि तेवढं उचललं. टोळधाड कशी, हिरवं दिसलं की बसते. तुझी आई सांगत होती, लोक तुला तेच वाक्य दिवसाला शंभरदा पाठवतात, वर तुझे हात तोडायची भाषा करतात, तुझा फोटो लावतात, आणि यातल्या निम्म्यांनी तो भाग खेळलेलाही नाही. ते मात्र मला माहीत आहे. आमच्या दातवाल्याने निषेध म्हणून नववा विकतच घेतला नाही आणि रोज सकाळी त्याला शिव्या देतो. मी त्याला विचारलं, डॉक्टर, न बघता दात उपटता का तुम्ही? तर म्हणाला, आजी, तुम्हीच तर सांगितलंत कसा आहे तो. तोवर माझं तोंड उघडं होतं आणि त्याचा हात आत होता.

मला कुठे ठाऊक की तू पाणी सोडून दोन वर्षं झाली! तुझ्या आईने नळाच्या आवाजात ते सांगितलं. तू माणसांची बोलणी लिहितेस. तुझ्या आईला गप्प राहायला सांगितलंस, आजीला चकित करायचंय म्हणून. आणि मग तिने मला तुझी ती मुलाखत वाचून दाखवली, जिच्यावर लोक हसतात. शब्द थांबत का नाहीत असं तुला विचारलं तर तू म्हणालीस, म्हातारं माणूस बोलत असतं तेव्हा ते आपल्यासाठी थांबतं का, लक्ष दिलं तर मिळालं, नाही दिलं तर गेलं, मला ते जाणं दाखवायचं होतं. भिंगरी, मी हे ऐकलं आणि आत जाऊन पेटी लावली. चौथी खेप. चहा टाकला नाही. कागद-पेन्सिल घेऊन बसले. एका खेपेला दोन ओळी हाती लागायच्या, कधी एक, कधी ओळीचं शेपूट. त्या लिहायच्या, म्हातारीला पलीकडे उतरवायचं, खेळ मागे न्यायचा, पुन्हा बसवायचं. फर्मे कसे येतात, सतरावं पान आधी, दुसरं नंतर, आपण क्रमाने लावायचे. चार दिवस, अकरा वेळा मी तिला त्या नदीतून नेली. मेले तारे सगळ्या वेळी पाचच दिले तिने.

आणि कागद लावून झाल्यावर बघते तर ती मी. मीच. 'ऐक ना' म्हणणारी, मधेच दुधाचं आठवणारी, सांगता सांगता तिसरीकडेच जाणारी. आणि ती सांगत होती ते, जे मी एकदाच सांगितलंय, तुला, तू अकरा वर्षांची असताना, तुला गोवर आला होता त्या दुपारी. मला वाटलं होतं तू झोपलीस. परगावी गेलेल्या तुझ्या आजोबांचं ते एकच पत्र. बाइंडिंगच्या पत्त्यावर आलं, फोरमनबाईने सगळ्यांसमोर हातात दिलं, बायका भोवती जमल्या. मला वाचता येत नव्हतं आणि तेवीस वर्षांच्या बाईला ते कबूल करता येत नव्हतं. वाचायला जितका वेळ लागतो तितका वेळ मी कागदाकडे बघितलं, मधे दोनदा हसले, आणि म्हणाले, बरं चाललंय त्यांचं. 'वाचून दाखव की' म्हणाल्या. मी म्हटलं, खासगी आहे. अशा खिदळल्या! जेवणाच्या सुट्टीत कुणी पिशवीतून काढेल म्हणून मी ते हातातल्या पुस्तकाच्या पुठ्ठ्यात सरकवलं आणि वरून कागद चिकटवून टाकला. संध्याकाळी सोडवून घेऊ म्हटलं. दुपारीच गठ्ठे गेले. दोनशे पुस्तकं, सगळी लाल कापडाची, आणि नाव कुठलं ते मला वाचता येत नव्हतं. त्यांनी परत लिहिलं नाही, आले नाहीत. त्या पत्रात 'ये' होतं की 'येऊ नकोस' होतं, देवाला माहीत. माझ्याकडून दोन्हीला एकच उत्तर गेलं. तुझी आई पोटात होती.

तुझी म्हातारी नदी ओलांडून पलीकडच्या वाचनालयात जाते आणि लाल पुस्तकांचे पुठ्ठे सोडवून बघते. मी कधी गेले नाही, पण जावंसं वाटलं होतं, ते तुला कसं कळलं? आणि उतरताना ती म्हणते, 'वाचता येत नव्हतं तेव्हा भीती नव्हती गं. आता येतं, तर सापडेल याचीच भीती वाटते.' हे नवव्या खेपेला हाती लागलं, दहाव्या खेपेला खात्री केली, अकरावी नुसतीच केली. हे मी तुला सांगितलं नव्हतं. हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं, मलाही नाही. हे लिहायला म्हाताऱ्या बाईजवळ घटकाभर नाही, वर्षानुवर्षं बसावं लागतं. ते मी मान्य करते. पण आता माझंही ऐक. मला न विचारता घेतलंस. मी ते तापातल्या पोरीला झोपवायला सांगितलं होतं, लाखो लोकांनी चहा टाकायला उठावं म्हणून नाही. आणि तुझं ते थांबणं न थांबणं, ते मुलाखतीत शोभतं. एक बाई आहे, तिच्या हातात एकदा अक्षरं आली आणि वाचायच्या आत निघून गेली. तिची गोष्ट सांगायला तूही तिच्या हातातून अक्षरं काढूनच घेतलीस. हे तुला सुचलं नाही याचं मला वाईट वाटतं, आणि हेच तुला दाखवायचं होतं असं तू म्हणालीस तर मला जास्तच वाईट वाटेल. बघ बाई, तू शिकलेली आहेस. मला तुझ्याशी यावर नीट भांडायचंय, समोर बसून, आणि मला वाटतं तूही भांडशील. हात तोडायची भाषा करणाऱ्यांना त्या भांडणात जागा नाही.

आता ज्यासाठी कागद घेतला ते, म्हणजे संपलं. 'जुना नावाडी' म्हणजे कुणी बाप्या नाही. सहा आठवड्यांपूर्वी मी दातवाल्याच्या खुर्चीत बसले होते, कवळी घासायला त्याच्या हातात, तोंडात एक दात नाही, आणि मी जे बोलत सुटले ते त्याने टाईप केलं आणि पाठवून दिलं. नाव मीच सांगितलं. ते म्हातारीचं वाक्यही माझंच आहे, त्याने घातलं म्हणून सुटता आलं असतं, पण नाही. पहिल्या दिवशी नऊ हजार लोकांनी अंगठा दिला. पगाराच्या कागदावर जन्मभर अंगठा उठवलेल्या बाईला नऊ हजार अंगठे! मी काय सांगू, भिंगरी, मी इतकी खूश कधीच झाले नव्हते, तुझी आई झाली तेव्हा सोडून. रोज खाली जाऊन त्याच्याकडून आकडा ऐकून यायचे, तिकडे तुला तेच मारत होते आणि मी जिन्यात गुणगुणत होते. आपलेच दात आपलेच ओठ. तुझ्या ऑफिसला अजून कळलेलं नाही की तो म्हातारा कोण. दातवाल्याच्या पत्त्यावर बोलावणं आलंय, खुर्चीवर लावायच्या पाटीसाठी खरं नाव शुक्रवारी पाचपर्यंत कळवा म्हणतात. हॉलमध्ये शिरून तू गुच्छ घेऊन वळशील आणि समोर मी बसलेली असेन, असं मला व्हायला नको होतं, म्हणून हे लिहिलं. माझी माफी तू मागायची नाहीस. मला तुझी मागायचीय, आणि तीही एका वाक्यापुरती, बाकीचं मी मागे घेणार नाही. आता तू सांग. यायला नको असेल तर दातवाला कळवून टाकेल की जुना नावाडी वारला, त्यांचा एक गुच्छ वाचेल. यायला हवं असेल तर मी येते, सगळ्यांसमोर सांगते, आणि मग तुझ्या ऑफिसातले लोक तुझ्यावर हसतील की माझ्यावर ते मला सांगता येत नाही. राजीनामा द्यायचाच असेल तर तो तुझा दे, माझ्यामुळे नको. शुक्रवारी पाचपर्यंत. पाटीवर काय लिहायला सांगू?

तुझीच, शनिवारनंतर ठेवलीस तर,
आजी